माळढोकाच्या वेळी जे राहिलं, ते रानपिंगळ्यासाठी आत्ता करा : राज्य वन्यजीव मंडळाला खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य वन्यजीव मंडळ

विषय : माळढोक आणि रानपिंगळा या दोन पक्ष्यांच्या संवर्धनाबाबत

सप्रेम नमस्कार.

मी मूळचा उत्तर सोलापूर तालुक्यातला. शिक्षकाच्या नोकरीची बहुतेक वर्षं मात्र शहादा-तळोद्याकडच्या शाळांमध्ये गेली. त्यामुळे राज्यातल्या सर्वांत अडचणीत सापडलेल्या दोन पक्ष्यांचा मुलूख माझ्या पायाखालचा आहे. एक सोलापूरजवळचा नान्नजचा माळ, दुसरं सातपुड्यातल्या तोरणमाळच्या पायथ्याचं रान. माळावरचा माळढोक माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत संपत आला. रानातला रानपिंगळा, हे छोटं घुबड, अजून टिकून आहे, आणि त्याच्यावर तीच पाळी येऊ नये म्हणून हे पत्र लिहितो आहे.

पत्र खुलं ठेवलं, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी एकट्या वनखात्याच्या हातातल्या नाहीत. मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, उपाध्यक्ष वनमंत्री. अभयारण्यांतून जाणारे रस्ते, धरणं, वीजवाहिन्या यांचे प्रस्ताव आपल्यापुढे येतात. कुठल्या प्राण्याकडे सरकारचं लक्ष जाणार आणि कुठल्याकडे नाही, हे आपल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवरूनच बऱ्याच अंशी ठरतं.

एरवी या दोन पक्ष्यांची तुलना कुणी करणार नाही. दोघांचा गण वेगळा, कुळ वेगळं, अधिवास वेगळा. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये इतके वजनदार पक्षी जगात मोजकेच. रानपिंगळा जेमतेम पाव किलोचा, डोक्यापासून शेपटीपर्यंत २३ सेंटिमीटर. माळढोकाला लांबवर नजर जाईल असा उघडा गवताळ माळ लागतो. रानपिंगळ्याला सागाचं, पानगळीचं, फार दाट नसलेलं जंगल आणि घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली लागते. कायद्याने मात्र दोघांना एकाच पंक्तीत बसवलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दोघांचीही नावं आहेत. म्हणजे कागदावर दोघांना वाघाइतकंच संरक्षण आहे.

आता जागतिक तांबडी यादी, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींची आंतरराष्ट्रीय यादी पाहा. माळढोक २०११ पासून 'अतिसंकटग्रस्त' वर्गात आहे. रानपिंगळाही अनेक वर्षं त्याच वर्गात होता; २०१८ साली त्याला एक पायरी खाली आणून 'संकटग्रस्त' ठरवण्यात आलं. ही बातमी आली तेव्हा अनेकांनी आनंद व्यक्त केला, काही अधिकाऱ्यांच्या बोलण्यात समाधानाचा सूर होता. तो सूर मला धोकादायक वाटतो, म्हणून यावर थोडं थांबतो.

रानपिंगळ्याची संख्या वाढली म्हणून त्याचा वर्ग बदललेला नाही. आधी ज्या जंगलांत कुणी नीट पाहिलंच नव्हतं तिथे अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, आणि तिथेही तो आढळला, म्हणून वर्ग बदलला. आजचा अंदाज २५० ते ९९९ प्रौढ पक्षी असा आहे. आणि तांबड्या यादीच्या निकषांप्रमाणे प्रौढ पक्षी २५० पेक्षा कमी आणि संख्या घटत असेल, तर तो पक्षी अतिसंकटग्रस्त ठरू शकतो. म्हणजे अंदाजाचा खालचा आकडा बरोबर त्या रेषेवर उभा आहे. एखाद्या तालुक्यातलं जंगल हातचं गेलं तर हा पक्षी पुन्हा रेषेपलीकडे जाईल. मोजणी सुधारली याला पक्षी सावरला असं समजून निधी आणि माणसं दुसरीकडे वळवली गेली, तर ती मोठी चूक होईल.

माळढोकाच्या बाबतीत आपल्याकडे नेमकं काय घडलं, हे यासाठी पुन्हा आठवायला हवं.

१९६९ च्या सुमारास देशात १,२६० च्या आसपास माळढोक असल्याचा अंदाज होता. आज दीडशेच्या आसपास उरले असावेत, आणि त्यातले बहुतेक सगळे राजस्थानात, जैसलमेरकडच्या थरच्या वाळवंटात. गुजरातच्या कच्छमध्ये नलियाकडे मोजक्या माद्या उरल्या. आपल्या राज्यात सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर. संपूर्ण सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा आहे, यावरून कल्पना यावी. करमाळा, कर्जत, श्रीगोंदा, माढा, मोहोळ असे तालुके त्या हद्दीत ओढले गेले. गावं, बाजारपेठा, ऊस, द्राक्षबागा, वस्त्या, सगळं अभयारण्यात. वनखात्याची स्वतःची जमीन त्यात अगदी थोडी होती.

परिणाम जो व्हायचा तो झाला. शेतकऱ्याला जमीन विकायची म्हटलं की परवानगी, विहिरीच्या कामाला अडचण, रस्त्याला अडचण. ज्यांच्या ज्वारीत आणि करडईत माळढोक पिढ्यान्‌पिढ्या चरला, त्या लोकांना तो पक्षी म्हणजे सातबाऱ्यावर बसलेली अडचण वाटू लागली. माझ्या गावातल्या माणसांचा पक्ष्यावर राग नव्हता. हद्दीच्या रेषेवर होता, आणि ती रेषा पक्ष्याच्या नावाने ओढलेली होती. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आलं. तोवर तीस वर्षं उलटली होती.

त्या तीस वर्षांत माळ बदलून गेला. १९८० साली उजनी धरण पुरं झालं, कालवे आले, बोअर खोल गेले. कोरडवाहू मालदांडी ज्वारी, करडई, हुलगा यांच्या जागी ऊस उभा राहिला. माळढोक नाकतोडे, सरडे, बोरं, धान्याचे दाणे असं मिळेल ते खाणारा पक्षी. ज्वारीच्या शेतात त्याचं निभत असे. पुरुषभर उंचीच्या उसात त्याला ना दिसतं ना पळता येतं. त्यात उघड्या माळाला सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणण्याची सवय. पडीक म्हणून तिथे झाडं लावायची. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ ओळीने लावली गेली, तीही माळढोकासाठी राखलेल्या पट्ट्यांच्या आसपास. गवताळ माळावर झाड लावणं हे पुण्यकर्म आहे ही समजूत इतकी पक्की आहे, की तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस निसर्गाचा शत्रू वाटतो. पण माळढोकाला, धाविक या माळावर पळणाऱ्या पक्ष्याला, काळविटाला आणि लांडग्याला झाडांची भिंत नको असते. त्यांना कुसळी, पवन्या, मारवेलचं गवत हवं, आणि त्यावरून मोकळी जाणारी नजर हवी.

ज्यांनी माळढोक पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. पावसाच्या पहिल्या सरींनंतर माळ हिरवा झाला की नर एखाद्या उंचवट्यावर येऊन उभा राहायचा. गळ्याखालची पांढरी पिशवी फुगत फुगत पायांपर्यंत लोंबायची, शेपूट पाठीवर उभं राहायचं, आणि छातीतून खोल, घुमणारा आवाज निघायचा. वारा पडलेला असला तर तो बांधापलीकडेही ऐकू यायचा. त्या आवाजावरूनच त्याला हूम असंही म्हणतात. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांना नर कुठल्या टेकाडावर उभा राहतो हे बरोबर ठाऊक असे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला. ते अंडं कुत्र्याने फोडलं, जनावराच्या खुराखाली आलं, की त्या मादीचं ते वर्ष वाया. अशा पक्ष्याची संख्या एकदा घसरली की ती सावरायला माणसाचं अख्खं आयुष्यही कमी पडतं.

आता नान्नजला अधूनमधून एखादी मादी दिसल्याची नोंद होते. नर नाही, म्हणजे वीण नाही. विदर्भात वरोरा-भद्रावतीकडचे माळढोकही याच वाटेने गेले.

देशपातळीवर आता जे प्रयत्न चालले आहेत ते मनापासून केलेले आहेत, आणि त्यांत काम करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. २०१८ मध्ये केंद्र, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात करार झाला. माळावरून अंडी उचलून ती यंत्रात उबवून, पिल्लं हाताने वाढवण्याचं काम जैसलमेरजवळ सम इथे सुरू झालं. पुढे रामदेवऱ्याला दुसरं केंद्र झालं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं. आज त्या केंद्रांत साठाहून अधिक पक्षी आहेत. या कार्यक्रमाच्या पहिल्या सात वर्षांसाठीच सुमारे ३४ कोटी रुपयांची तरतूद झाली होती.

आणि बाहेर माळावर विजेच्या तारा आहेतच. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, उडताना समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि अंग जड असल्याने तार दिसल्यावर ऐनवेळी वळताही येत नाही. थरच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागात तारांमुळे सगळ्या जातींचे मिळून दरवर्षी ८४ हजार पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा २०२० चा अंदाज होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रातल्या वाहिन्या जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली, कारण सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांचा प्रश्न उभा राहिला. दोन्ही बाजूंना वजन आहे, हे मी नाकारत नाही. पण मुळात दीडशे पक्षी उरल्यावर सुरू झालेला हा वाद आहे. हजार पक्षी असताना तो झाला असता, तर इतकी ओढाताण झालीच नसती.

आता रानपिंगळ्याकडे वळतो. त्याची गोष्ट जगातल्या पक्षिशास्त्रात गाजलेली आहे, पण आपल्याच राज्यात ती फार थोड्यांना माहीत आहे.

१८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात हा पक्षी मिळवला आणि १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलं गेलं. नंतर जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात काही नमुने जमवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कुणालाच मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे सात नमुने, एवढाच पुरावा उरला. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मारल्याची नोंद होती. ती नोंद खरी मानून पुढच्या पिढ्या शोधत राहिल्या. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्या मातब्बर पक्षितज्ज्ञांनाही यश आलं नाही.

अखेर पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षितज्ज्ञांनी माइनर्ट्‌झहागेनचा नमुना बारकाईने तपासला आणि तो बनाव उघडा पाडला. डेव्हिडसन यांचाच जुना नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला होता. खोटी नोंद बाजूला काढल्यावर शोध कुठे घ्यायचा हे स्पष्ट झालं. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

ही गोष्ट मी केवळ रंजक म्हणून सांगत नाही. एका चुकीच्या नोंदीने कित्येक दशकं माणसं चुकीच्या रानात पाठवली. या पक्ष्याच्या बाबतीत खरी, जागेवर जाऊन केलेली नोंद हाच संवर्धनाचा पाया आहे. १९९७ नंतर तो मेळघाटात सापडला, जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात सापडला, सीमेपलीकडे मध्य प्रदेशात खकनारच्या जंगलात सापडला. २०१४ मध्ये तर तो तानसा अभयारण्यात दिसला. जे तानसा मुंबईला पाणी पुरवतं, त्याच तलावाभोवतीच्या रानात जगातला इतका दुर्मीळ पक्षी राहत होता आणि कुणाला पत्ता नव्हता. गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. जिथे नजर गेली तिथे तो मिळाला. जिथे अजून कुणी गेलेलं नाही तिथे काय आहे, आणि काय रोज तोडलं जातं आहे, याची आपल्याला कल्पना नाही.

त्याला ओळखायचं कसं, हे शाळेतल्या मुलांना शिकवताना मी फार शब्द वापरत नसे. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छातीवर तपकिरी रंगाचा सलग पट्टा, पोट स्वच्छ पांढरं, आणि पायांवर दाट पांढरी पिसं. हे घुबड असूनही दिवसा हिंडतं. फेब्रुवारीत सागाची पानं गळू लागली की सकाळच्या उन्हात उघड्या शेंड्यावर ते बसलेलं दिसतं. शेपूट डावीकडे-उजवीकडे झटकत राहतं, मान खाली वाकवून पाचोळ्याकडे बघतं, आणि मग सरळ खाली झेप घेतं. वर येतं तेव्हा पंजात सरडा किंवा सापसुरळी असते. पावरा आदिवासींच्या पाड्यांवरची मुलं मला विचारायची, "सर, हा आपला पिंगळा की जंगलातला?" एकदा फरक कळल्यावर ती माझ्या आधी ओळखायला लागली. पुढे प्रशिक्षणाबद्दल मी जे मागणार आहे, त्यासाठी हे ध्यानात ठेवावं.

या पक्ष्याला धोके कुठले? जंगल तुटणं हा पहिला. नंदुरबार आणि धुळ्याच्या बाजूला सातपुड्याच्या उतारावरचं सागाचं रान गेल्या काही दशकांत खूप विरळ झालं. दुसरा धोका वणव्याचा. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आग पसरते, आणि नेमका तो काळ पिल्लांच्या वाढीचा असतो. तिसरा, वाळलेली आणि पोकळ झाडं काढून टाकण्याची रीत. सरपणासाठी लोक नेतात तशी खात्याच्या कूपातही, म्हणजे तोडीसाठी ठरवलेल्या जंगलाच्या तुकड्यातही, ती काढली जातात. त्याच झाडांत ढोल्या असतात. चौथा म्हणजे अंधश्रद्धा. घुबड अशुभ मानून मारणारे आहेत, आणि मंत्रतंत्रासाठी त्याचे अवयव आणि अंडी मागणारेही आहेत.

यात आदिवासींकडे बोट दाखवून मोकळं होणं सोपं आहे, आणि ते बरोबर नाही. भिल्ल, पावरा, कोरकू यांच्या पाड्यांना अजूनही चुलीसाठी लाकूड लागतं आणि हाताशी दुसरं काही नसतं. सोलापुरात आपण शेतकऱ्याला पक्ष्याच्या विरोधात उभं केलं. सातपुड्यात तसं होता कामा नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क दिले आहेत. पाड्याने आपल्या हद्दीतली ढोलीची झाडं राखावीत, वणवा रोखावा आणि त्याचा मोबदला ग्रामसभेच्या खात्यात थेट जमा व्हावा, अशी व्यवस्था उभी करता येईल. मोहाच्या झाडाखाली पेटवण्याऐवजी जाळी अंथरली तरी फुलं स्वच्छ मिळतात आणि भावही बरा मिळतो. हे खर्चाचं काम नाही.

दोन्ही पक्षी शेजारी ठेवले की मला एक फरक दिसतो, आणि त्यावर या पत्राचा भर आहे. माळढोकासाठी आपण खूप मोठी रेषा ओढली आणि आतला माळ गमावला. रानपिंगळ्यासाठी आपण रेषाही ओढलेली नाही आणि रानही राखत नाही. मेळघाटात तो बऱ्यापैकी सुरक्षित आहे, पण ते वाघामुळे. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यात मेळघाट होता, आणि त्या छत्राखाली रानपिंगळ्याला आसरा मिळाला. तोरणमाळला वाघ नाही. शहादा-तळोद्याच्या वनात वाघ नाही. जिथे वाघ नाही तिथल्या रानपिंगळ्यासाठी वेगळा निधी, वेगळी माणसं, वेगळा आराखडा काहीच ठळकपणे दिसत नाही. केंद्राच्या प्रजाती पुनर्प्राप्ती कार्यक्रमात २०२१ पर्यंत बावीस प्रजाती घेतल्या गेल्या. माळढोक त्यात आहे, काश्मीरचं हंगूल हरिण आहे, जेर्डनचा धाविक आहे. रानपिंगळा त्यात नव्हता. ज्या पक्ष्याची सर्वांत मोठी वस्ती महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात आहे, त्याच्यासाठी शिफारस करायची जबाबदारी प्रथम आपल्यावर येते.

म्हणून माझी पहिली विनंती हीच. रानपिंगळ्याचा त्या कार्यक्रमात समावेश व्हावा, असा ठराव मंडळाने करून केंद्राकडे पाठवावा.

दुसरी विनंती मोजणीची. तोरणमाळ, तळोदा, शहादा, यावल, मेळघाट, तानसा आणि त्याला लागून असलेला जव्हार-मोखाड्याचा पट्टा, या सगळ्यांत एकाच हंगामात, एकाच पद्धतीने रानपिंगळ्याची पाहणी व्हावी. मध्य प्रदेश आणि गुजरात वनविभागांनाही सोबत घ्यावं, कारण पक्ष्याला राज्याची सीमा नसते. त्यासाठी वनरक्षकांना प्रशिक्षण द्यावं. पाचवीतली मुलं जो फरक शिकली तो त्यांना एका सकाळीत शिकवता येईल.

ही पाहणी आत्ताच का, याला एक नेमकं कारण आहे. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तापी खोऱ्यातल्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला. खानदेश आणि पश्चिम विदर्भाला पाणी हवं आहे, खारपाणपट्ट्यातल्या लोकांचे हाल मला माहीत आहेत, आणि या योजनेला माझा विरोध नाही. पण तिचे कालवे सातपुड्याच्या पायथ्याने जाणार आहेत आणि रानपिंगळ्याचा पट्टाही तोच. रेषा नकाशावर पक्की होण्याआधी जर तिथल्या ढोल्या आणि जोड्या नोंदवलेल्या असतील, तर कालवा चार-दोनशे मीटर इकडे-तिकडे सरकवता येतो. खोदाई सुरू झाल्यावर फक्त खटला उरतो.

तिसरी गोष्ट खात्याच्या अंतर्गत आहे आणि ती उद्या करता येईल. रानपिंगळा आढळणाऱ्या वनविभागांच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या आणि इतर कामांच्या आराखड्यात, वाळलेली आणि पोकळ झाडं न तोडण्याची स्पष्ट अट घालावी, आणि कूपात तोडायच्या झाडांची छापणी (खुणा) करताना ढोलीचं झाड वेगळ्या खुणेने राखावं.

आता नान्नजच्या माळढोक अभयारण्याबद्दल. तिथे माळढोक उरला नाही म्हणून ते अभयारण्य आता गुंडाळावं, असं बोलणारे काही लोक भेटतात. कृपा करून त्यांचं ऐकू नका. राजस्थानातल्या केंद्रांत वाढलेले पक्षी एक दिवस माळावर सोडावे लागतील, आणि सगळे एकाच वाळवंटात ठेवणं जोखमीचं आहे. एखाद्या रोगाने किंवा वादळाने सगळंच जाऊ शकतं. दख्खनचा माळ हे माळढोकाचं जुनं घर आहे. ते तयार असेल तरच त्याचा विचार होईल. तयार म्हणजे ग्लिरिसिडिया काढलेलं, गवत राखलेलं, चराई पूर्ण बंद न करता धनगरांशी बोलून ठरवलेली, भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त असलेलं, आणि अभयारण्यावरून जाणाऱ्या वीजतारा जमिनीखाली नेलेलं. ते होईपर्यंत किमान तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावाव्यात. शिवाय सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गावोगावची गायरानं दिली जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी ही योजना चांगली आहे, पण उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळ्यातली जी गायरानं अजून खरे माळ आहेत, ती देण्याआधी तिथे काय जगतं हे एकदा तरी पाहावं. तिथे काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक आहेत.

राजस्थानातून पक्षी आणण्याबद्दल मंडळाने केंद्राला आत्ताच लेखी कळवून ठेवावं, की योग्य वेळ आल्यावर महाराष्ट्र तयार असेल, आणि त्या तयारीचं वर्षवार वेळापत्रक सोबत जोडावं. ते लेखी नसेल तर त्या वाटपाच्या वेळी आपलं नाव कुणाला आठवणार नाही.

पैशाच्या बाबतीत आपल्याला वेगळं सांगायची गरज नसावी. माळढोकाचं एक पिल्लू आज यंत्रात उबवून, माणसांनी रात्रंदिवस सांभाळून वाढवावं लागतं. रानपिंगळ्याच्या जोडीला सध्या फक्त पोकळ झाड, जिवंत पाचोळा आणि वणव्यापासून मुक्त असा एक उन्हाळा लागतो. आज सर्वेक्षण आणि ग्रामसभांना मोबदला यांवर जो खर्च होईल, तो पुढे प्रजनन केंद्र उभारायच्या खर्चापुढे काहीच नाही. शिवाय रानपिंगळ्याला पिंजऱ्यात वाढवून पुन्हा रानात सोडण्याची वेळ आलीच, तर ते कसं जमेल याचा अनुभव आज कुणाच्या गाठीशी नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत 'रानपिंगळा' हा स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा, त्यावर मुख्य वन्यजीव रक्षकांनी टिपणी मांडावी, आणि ती टिपणी मराठीत जाहीर करावी, म्हणजे तोरणमाळच्या आणि मेळघाटच्या ग्रामसभांनाही ती वाचता येईल. सर्वेक्षणाला मंजुरी मिळाली तर ते येत्या पानगळीच्या हंगामातच सुरू करावं, कारण पानं गळालेली असतानाच हा पक्षी नजरेला पडतो. पावसाळ्यापर्यंत थांबलं की पुढचं सगळं वर्ष हातचं जातं. शहादा-तळोद्याकडचे माझे अनेक माजी विद्यार्थी आज त्याच गावांत शेती करतात. वाटाडे म्हणून, मोजणीदार म्हणून बोलावलं तर ते येतील, आणि मीही येईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
उत्तर सोलापूर